दोष स्टेमचा नव्हे

डाउनहिलसाठी सायकल सज्ज करायची म्हटलं की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला: हँडल फोर्कच्या नळीला जोडणारा स्टेम बदल. लांब असेल तर आखूड घे, ३१.८ मिलिमीटर व्यासाच्या हँडलचा असेल तर ३५चा घे, साधा असेल तर ठोकळ्यातून कोरलेला सीएनसी घे. सल्ला देणारा दुकानदार असो, ग्रुपमधला जुना रायडर असो की परदेशी व्हिडिओ पाहून तयार झालेला नवा शौकीन, तिघांचं म्हणणं एकच. स्टेम जितका आखूड तितकी सायकल उतारावर चपळ आणि जितका जाड तितकी ती ताठ. मला हे मान्य नाही. यातला लांबीचा भाग अर्धा खरा आहे, पण तो चुकीच्या कारणासाठी सांगितला जातो. ताठपणाचा भाग आजच्या सायकलींना जवळपास लागूच होत नाही. आणि या दोन्हींच्या नादात उतारावर ज्याने खरोखर फरक पडतो, तिकडे कुणी बघत नाही.

ही समजूत आली कुठून, ते आधी पाहायला हवं, कारण एके काळी तिच्यात तथ्य होतं. माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा १९९० साली अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या डुरँगोला झाली. त्या काळच्या सायकली म्हणजे रस्त्यावरच्या रेसिंग सायकलींचीच भावंडं. जॉन टोमॅकसारखा मातब्बर रायडर त्या मोसमात चक्क रेसिंग सायकलचं खाली वळलेलं ड्रॉप हँडल लावून दगडधोंड्यांतून उतरत होता. स्टेमची लांबी १२० ते १५० मिलिमीटर असायची आणि हँडलचा मधला व्यास २५.४. अशा १२०च्या स्टेममध्ये फोर्कची नळी आणि हँडल यांच्यामध्ये नव्वदएक मिलिमीटरचा उघडा दांडा राहतो. एका हाताने हँडल वर खेचलं आणि दुसऱ्याने दाबलं की तो दांडा पिळला जायचा आणि हाताला ते कळायचं. तेव्हा ‘स्टेम ताठ हवा’ म्हणणारा माणूस खऱ्या दुखण्यावर बोट ठेवत होता.

आता आजचा हिशेब करू. फोर्कच्या नळीचा व्यास २८.६, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत १४.३. हँडलचा व्यास ३१.८, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत १५.९. स्टेमची लांबी मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात. ५०च्या स्टेममधून हे दोन्ही वजा केले की दोन नळ्यांच्या मध्ये उरतात जेमतेम २० मिलिमीटर, तेही क्लॅम्पच्या भिंतींसकट. ३५ मिलिमीटर लांबीच्या स्टेममध्ये उरतात ५. पिळायला जागाच नाही. ग्रिपवर चाळीसएक किलोचा भार टाकला, तर ॲल्युमिनियमच्या रुंद हँडलचं टोक ढोबळ मानाने पाच ते सात मिलिमीटर वाकतं. तेवढ्याच भाराने ५०चा स्टेम पिळला जाऊन त्या टोकाला जो फरक पडतो, तो अर्ध्या मिलिमीटरच्या आत असतो. स्टेम ५०वरून ४०वर आणला, तर या अर्ध्या मिलिमीटरातला थोडासा भाग वाचेल. एवढ्यासाठी कुणी ‘आता पुढचं चाक सुईसारखं चालतं’ असं सांगू लागला, तर त्याच्या हाताला जे जाणवतं आहे त्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल.

दुकानात ताठपणा दाखवण्याची एक रीत आहे. विकणारा सायकलसमोर उभा राहतो, पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरतो, हँडल डावी-उजवीकडे पिळतो आणि म्हणतो, ‘बघा, जुना किती हलतो.’ या प्रयोगात काय काय हलतं ते नीट पाहा. सगळ्यात आधी टायर गुडघ्यांमध्ये दबतो. मग चाकाचे स्पोक ताणले जातात. मग फोर्कचे दोन पाय एकमेकांच्या पुढे-मागे होतात, आणि हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. मग हँडल वाकतं. क्लॅम्प नीट आवळलेला नसेल, तर स्टेम फोर्कच्या नळीवर चक्क घसरतो. स्टेमचा स्वतःचा पीळ या रांगेत सगळ्यात शेवटी येतो आणि तो या रीतीने वेगळा काढून दाखवताच येत नाही. तरीही प्रयोग संपल्यावर बिल होतं ते स्टेमचं.

आता ३५ मिलिमीटर व्यासाच्या हँडलचं बघू. हा व्यास २०१२-१३च्या सुमारास रेस फेस आणि ईस्टन यांनी बाजारात आणला. तोवर ३१.८ सगळीकडे रुळला होता. नव्या व्यासामागचं कारण खोटं नव्हतं. हँडलं रुंद होत चालली होती आणि रुंद हँडल जास्त वाकतं. टोकावर भार दिलेली नळी लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाकते, म्हणून ७६०चं हँडल ८००चं केलं की वाकणं सुमारे १७ टक्क्यांनी वाढतं. उलट बाजूने, नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास ३१.८वरून ३५वर नेला, तर तेवढ्या भागाचा ताठपणा सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. कागदावर हे बिनचूक आहे. पण दोन गोष्टी जाहिरातीत येत नाहीत. पहिली, ग्रिपकडचा व्यास दोन्ही हँडलांत २२.२च राहतो आणि मधली जाडी संपली की नळी निमुळती होत जाते. दुसरी, व्यास वाढवला की वजन कमी ठेवण्यासाठी भिंत पातळ करतात. म्हणजे ३५ या आकड्यावरून हँडल ताठ की मऊ हे ठरत नाही. कॅनडातल्या स्क्वामिशच्या वनअप कंपनीचं कार्बन हँडल ३५चंच आहे, आणि उभ्या दिशेने ते जास्त दबावं म्हणून त्याचा छेद मुद्दाम लंबगोल केला आहे. एकाच आकड्याखाली एक जण ताठपणा विकतो आणि दुसरा लवचीकपणा.

त्यातही ३१.८ सोडून ३५कडे जायचं म्हणजे स्टेम आणि हँडल दोन्ही बदलावी लागतात. आपल्याकडे हा माल बहुतेक आयात होऊन येतो आणि काही हजार रुपये सहज जातात. ज्याला खरोखर ताठ हँडल हवं आहे, त्याने आधी करवतीचं पातं घ्यावं. ८००चं हँडल दोन्ही बाजूंनी वीस-वीस मिलिमीटर कापलं की मघाचे १७ टक्के फुकटात परत येतात. साडेपाच फुटांच्या रायडरला ८००ची रुंदी बहुतेक वेळा नकोच असते. कोपर बाहेर फेकलेले, खांदे ताणलेले आणि वळणावर आतला हात छातीत अडकलेला, असे किती तरी जण मी उतारावर बघतो. त्यांचं हँडल कुणी कापत नाही, कारण कापण्यात विकण्यासारखं काही नसतं.

‘सीएनसी स्टेम ताठ असतो’ हेही असंच. ६०६१ असो की ७०७५, ॲल्युमिनियमच्या या मिश्रधातूंचा लवचिकता गुणांक ६९ ते ७२ गिगापास्कलच्या पट्ट्यातच असतो. ७०७५ जास्त मजबूत आहे, म्हणजे तुटण्याआधी जास्त भार सोसतो. ताठ तो तेवढाच. आणि ठोकून घडवलेला तुकडा की ठोकळ्यातून कोरून काढलेला, याने गुणांक बदलत नाही. ताठपणा आकारावर आणि भिंतीच्या जाडीवर ठरतो. कोरीव स्टेम देखणा असतो, त्याच्या कडा सफाईदार असतात, हौस म्हणून जरूर घ्यावा. तो उतारावर जास्त ताठ असतो म्हणून घेऊ नये.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. नव्वद-पंच्याण्णव किलोचा रायडर, दोनशे मिलिमीटर ट्रॅव्हलचा डबल क्राउन फोर्क, मोठमोठ्या उड्या. तिथे तरी ताठपणा हवा की नको? हवा. आणि त्याची सोय फार पूर्वीच झाली आहे. फॉक्स ४० किंवा रॉकशॉक्स बॉक्सरसारख्या फोर्कवर स्टेम नळीला न आवळता थेट वरच्या क्राउनवर चार बोल्टांनी बसतो. त्यात फिरायला किंवा पिळायला वाव उरत नाही. पण तो त्या फोर्कसाठी आहे. १२० मिलिमीटर ट्रॅव्हलची हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली सायकल, चालवणाऱ्याने तिथला ताठपणाचा निकष आपल्या स्टेमला लावायचं कारण नाही.

शिवाय सगळं ताठ असणं हा गुणच आहे असं मानून चालणं चूक आहे. मोटोक्रॉसमध्ये हँडलचे क्लॅम्प रबरावर बसवण्याची पद्धत जुनी आहे. फास्टचं फ्लेक्स हँडल तिथूनच सायकलीकडे आलं. त्यात बिजागरी आणि रबरी ठोकळे असतात. स्पँक कंपनी हँडलच्या पोकळीत फोम भरते. डाउनहिलच्या वर्ल्ड कपमध्येही कार्बन रिम सोडून ॲल्युमिनियमकडे परतलेले रायडर आहेत, कारण खडकाळ उतारावर थोडं दबणारं चाक रेषेला चिकटून राहतं. स्कॉटलंडच्या फोर्ट विल्यमचा ट्रॅक उतरायला अव्वल रायडरलाही चार मिनिटांहून जास्त वेळ लागतो आणि तळाशी पोचेपर्यंत तिथे पोटऱ्यांपेक्षा आधी पंजे हार मानतात. आपल्याकडचे उतार तसे बांधीव नाहीत. सह्याद्रीतला उतार म्हणजे वर मुरूम, खाली कातळ आणि मध्ये पावसाने उघडे पाडलेले दगड. त्यावर ताठ हँडल, ताठ कार्बन रिम आणि गच्च हवा भरलेले टायर घेऊन उतरणाऱ्याचे तळहात अर्ध्या वाटेत बधिर होतात. बधिर हाताने ब्रेक नेमका दाबता येत नाही. ही सुरक्षिततेची बाब आहे.

आता लांबीकडे येतो. ‘आखूड स्टेमने स्टिअरिंग झटपट होतं, कारण तरफ लहान होते.’ हे इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचं गणित मांडणं भाग आहे. हँडल फिरवणारी तरफ म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षापासून हातापर्यंतचं अंतर. ८००च्या हँडलवर ग्रिपचा मध्य मधल्या रेषेपासून साधारण ३५० मिलिमीटरवर असतो. हँडलला मागे सात ते नऊ अंशांचा बाक असतो, त्यामुळे ग्रिप क्लॅम्पच्या चाळीसएक मिलिमीटर मागे येते. म्हणजे ३५ ते ५०च्या स्टेममध्ये हात जवळपास अक्षाच्या रेषेतच असतात आणि तरफ राहते ३५०. स्टेम ९०चा घेतला, तर पायथागोरसच्या हिशेबाने ती होते ३५३. एक टक्का. एवढ्या फरकाने स्टिअरिंग झटपट किंवा सुस्त होत नाही. लांब स्टेमवर हात थोडे आडवे झुलतात आणि छाती पुढे जाते. वेगळं वाटतं ते त्यामुळे.

मग आखूड स्टेम आले कशासाठी? फ्रेम बदलल्या म्हणून. पूर्वी मध्यम मापाच्या फ्रेमचा रीच, म्हणजे क्रँकच्या धुरीपासून हेडट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर, ४००च्या आसपास असायचा. तो आता ४५० ते ४७० झाला. फ्रेम जितकी पुढे लांबली तितका स्टेम मागे घेतला. हात आणि पाय यांच्यातलं अंतर जवळजवळ तेच राहिलं, पुढचं चाक मात्र पुढे गेलं. गॅरी फिशरने १९९०च्या दशकाच्या अखेरीला जेनेसिस नावाने याची सुरुवात केली. स्पेनच्या मोंड्राकरने २०१२-१३मध्ये फॉरवर्ड जिऑमेट्री म्हणून तेच टोकाला नेलं आणि १० मिलिमीटरचा स्टेम दिला. मघाचं गणित आठवा: १४.३ आणि १५.९ मिळून ३०.२. त्याहून आखूड स्टेममध्ये दोन नळ्या समोरासमोर बसूच शकत नाहीत, हँडल नळीच्या डोक्यावर चढवावं लागतं. मोंड्राकर पुढे ३०वर स्थिरावली.

सोबत हेड अँगलही, म्हणजे फोर्कच्या नळीचा जमिनीशी असलेला कोन, पडत गेला. जुन्या २६ इंची सायकलीत ७१ अंशांचा अँगल आणि ३८चा फोर्क ऑफसेट धरला, तर ट्रेल निघतो सुमारे ७५ मिलिमीटर. आजच्या २९ इंची सायकलीत ६४ अंश आणि ४४चा ऑफसेट धरला, तर सुमारे १३०. पुढचं चाक सरळ राहण्याचा हट्ट ज्यामुळे धरतं, ते अंतर पाऊणपटीने वाढलं आहे. उतारावर सायकल स्थिर वाटते ती यामुळे, आणि पुढच्या चाकाच्या धुरीचं क्रँकच्या धुरीपासूनचं अंतर आठशेच्या घरात गेल्यामुळे. लांब स्टेमवाले जुने रायडर हँडलवरून पुढे फेकले जायचे हे खरं आहे, पण त्यांचं पुढचं चाक त्यांच्या किती जवळ होतं ते बघा. पंधरा मिलिमीटर आखूड स्टेम त्यांना वाचवू शकला नसता.

‘स्टेमची लांबी फोर्कच्या ऑफसेटइतकी ठेवावी’ असाही एक नियम फिरतो. ४४चा ऑफसेट आणि ४०-४५चा स्टेम हे आकडे आज जवळ आले आहेत, एवढ्यावरच तो उभा आहे. ऑफसेट चाकाची धुरी अक्षापासून किती पुढे हे सांगतो, स्टेम हँडल किती पुढे हे सांगतो. एकाने ट्रेल ठरतो, दुसऱ्याने अंगाचा भार कुठे पडतो ते ठरतं. दोन्ही समान असण्याने काही साधतं असं कोणत्याही यांत्रिक नियमातून निघत नाही.

आपल्याकडचं नुकसान इथे होतं. इथे बहुतेक जण पहिली सायकल म्हणून घेतात ती हार्डटेल: ६८-६९ अंशांचा हेड अँगल, बेताचा रीच, ७० ते ९०चा स्टेम. फ्रेम आखूड आहे म्हणून तो स्टेम त्यावर दिलेला असतो. त्यावर ३५चा लावला की हात पस्तीस ते पंचावन्न मिलिमीटर मागे येतात. फ्रेम लांबलेली नाही, पुढचं चाक पुढे गेलेलं नाही, सरकलं आहे ते फक्त रायडरचं वजन, आणि तेही मागे. उभ्या उतारावर पहिल्या दिवशी धीर येतो. मग मुरमाचं सपाट वळण येतं, पुढच्या टायरवर भार नसतो आणि चाक आडवं निसटतं. हनुवटी फुटते. लोक म्हणतात टायर खराब आहे. याच्या उलट प्रकारही सर्रास चालतो: मोठ्या मापाची फ्रेम सवलतीत मिळाली म्हणून घेतली आणि ती आखूड स्टेमने ‘बसवली’. सीट ट्यूबची उंची, उभं राहिल्यावर फ्रेम आणि मांड्या यांच्यामध्ये राहणारी जागा, चाकांमधलं अंतर, यातलं काहीच स्टेमने लहान होत नाही.

माझ्या मते क्रम असा असावा. आधी फ्रेमचा रीच आपल्या उंचीला आणि हातांना जुळतो का ते बघायचं. मग हँडलची रुंदी आणि त्यानंतर उंची. उंची वाढवायला बहुतेक जण स्टेमखाली स्पेसर घालतात. पण फोर्कची नळी तिरकी असते. ६४ अंशांच्या हेड अँगलवर २० मिलिमीटरचे स्पेसर घातले, तर हँडल १८ मिलिमीटर वर जातं आणि त्याच वेळी जवळपास ९ मिलिमीटर मागेही येतं. म्हणजे ५०चा स्टेम न बदलता तो ४१चा झाला. ज्याला फक्त उंची हवी होती त्याने जास्त राइझचं हँडल घ्यायला हवं, ते रीच फारसा न खाता वर येतं. हे सगळं झालं की शेवटी स्टेम, आणि तोही पाच-दहा मिलिमीटरच्या पायरीने. पेडलवर उभं राहून, क्रँक आडवे ठेवून, कोपर वाकवून उतरताना वजन तळपायांवर हवं, हात हलके हवेत आणि छाती खाली असावी. सपाट वळणात पुढचं चाक निसटत असेल, तर थोडा लांब स्टेम किंवा थोडं खाली हँडल. उभ्या उतारावर तळहातांवर भार येत असेल, तर आधी उंची, मग लांबी. लांब स्टेमने एखाद्याची सायकल उतारावर सुधारली, तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

राहिली जोडणी, आणि याबाबत मी सगळ्यात आग्रही आहे. ‘स्टेम हलतो’ अशी तक्रार घेऊन आलेल्या सायकलीत बहुतेक वेळा हेडसेट ढिला असतो किंवा हँडल ते धरून ठेवणाऱ्या फेसप्लेटमध्ये घसरत असतं. पुढचा ब्रेक दाबून धरा, दुसऱ्या हाताचं बोट हेडसेटच्या खालच्या फटीवर ठेवा आणि सायकल पुढे-मागे ढकला. बोटाला टक-टक लागली, तर नवा स्टेम घेऊन काही होणार नाही. नळीवरचे दोन बोल्ट सैल करून वरच्या टोपीच्या बोल्टने खेळ काढायचा आणि मग ते दोन बोल्ट आवळायचे. कित्येक जण टोपीचा बोल्टच जीव खाऊन आवळतात. त्याचं काम फक्त बेअरिंगचा खेळ काढण्याचं आहे, स्टेम धरून ठेवण्याचं नाही. फेसप्लेटचे चार बोल्ट तिरक्या क्रमाने, थोडे-थोडे आवळायचे. कंपनीने वेगळं सांगितलं नसेल, तर वरची आणि खालची फट सारखी राहिली पाहिजे. बहुतेक स्टेमवर ५ न्यूटन-मीटरच्या आसपासचा आकडा छापलेला असतो. तो टॉर्क रेंचशिवाय पाळता येत नाही, आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नुसत्या ॲलन कीने, हाताच्या अंदाजावर काम चालतं. कार्बनच्या हँडलला असा अंदाज महागात पडतो: बाहेरून ओरखडाही दिसत नाही, आत तंतू चिरडलेले असतात, आणि ते कळतं उडीनंतर उतरताना.

म्हणून दुकानदारांकडे माझी मागणी साधी आहे. कामाच्या टेबलावर टॉर्क रेंच ठेवा आणि गिऱ्हाइकासमोर वापरा. काउंटरखाली ३५, ४०, ५०, ६० आणि ७०चे वापरलेले स्टेम ठेवा. नवा विकण्याआधी गिऱ्हाइकाला त्यातले दोन-तीन लावून त्याच्या नेहमीच्या उतारावर जाऊन येऊ द्या, आणि परत आल्यावर तो जुन्यावरच खूश असेल, तर त्याला तोच नीट आवळून द्या.